चौदाव्या पेटीचा शेवटचा खण

आमच्या गोदामात साडेतीन हजार पेट्या होत्या आणि प्रत्येक पेटीत डोंगराचा थोडा थोडा भाग होता. ड्रिल मशीन डोंगरात सरळ खाली भोक पाडतं, तेव्हा आतून मनगटाएवढी जाड दगडाची कांडी निघते. ती बाहेर येते तीच तुटत तुटत. तुकडे ज्या क्रमाने निघाले त्याच क्रमाने लाकडी पेटीच्या खणांत मांडायचे, कडेला खोली लिहायची, झाकण लावायचं आणि पेटी फळीवर ठेवायची. या कामावर जो माणूस होता त्याला सगळे पेटीकाका म्हणत. त्यांचं नुकसान मी केलं, हे आधीच सांगून टाकते. अकरा वर्षं लपवलं, तेवढं पुरे झालं.

काका बुटके, खांद्यात रुंद, आणि बोलायला तिखट. एका कानावर पेन्सिल, खांद्यावर ओलं फडकं. कोरडा दगड सगळा सारखाच काळा दिसतो, फडक्याने पुसला की त्याचा खरा रंग दिसतो, म्हणून ते फडकं. पेटीवर कुणी चहाचा कप ठेवला की ते काही न बोलता कप उचलून बाहेर पायरीवर नेऊन ठेवत. एकदा त्यांनी मोठ्या साहेबांचाही कप असाच नेऊन ठेवला होता, आणि साहेब मुकाट्याने पायरीवर बसून चहा प्यायले होते. "साहेबांना डोंगर नकाशात दिसतो, मला पेटीत दिसतो," ते म्हणायचे. "चढायला सांगितलं तर दोघांचीही बोंब आहे."

मी तिथे लागले तेव्हा चोवीस वर्षांची होते. कॉलेजातून भूगर्भशास्त्राचं पदक घेऊन आले होते आणि ते पदक सरळ डोक्यात गेलं होतं. काका सातवीपर्यंत शिकलेले. पण डोंगर मला खऱ्या अर्थाने त्यांनीच दाखवला, हे मी त्या काळात कुणाजवळ कबूल केलं नसतं.

गोदामाच्या दारातून समोरची अख्खी रांग दिसायची. उभा काळा कडा, मग थोडी सपाटी, मग पुन्हा कडा, पुन्हा सपाटी, अशा पायऱ्या थेट माथ्यापर्यंत. काका दारात उभं राहून बोटाने एकेक पायरी मोजून दाखवायचे. हा डोंगर एका दमात झालेला नाही, ते सांगायचे. जमिनीला भेगा पडून तापलेला रस वर आला, पसरला, थिजला. मग हजारो वर्षं काहीच नाही. वरचा पृष्ठभाग ऊनपावसाने कुजला, त्याची माती झाली, तिच्यावर झाडोरा उगवला. आणि मग पुन्हा रस आला, त्या मातीवरून वाहत गेला आणि ती भाजून विटेसारखी लाल झाली. असं वीस-बावीस वेळा. दोन काळ्या थरांच्या मधे हातभर जाडीचा लाल थर राहतो तो हा. "घड्या घातलेल्या गोधड्या एकावर एक रचाव्यात, तसा आहे हा," ते म्हणायचे. "आणि दोन गोधड्यांच्या मधे पाणी अडतं. लाल थर पाणी खाली जाऊ देत नाही. म्हणून झरे बघा, सगळे सपाटीच्या रेषेवरच फुटतात."

तिसऱ्या पायरीवर बावीस घरांची एक वस्ती होती. काकांची धाकटी बहीण तिथे दिलेली. तिच्या परसातच, कड्याच्या पायथ्याशी, असा एक झरा होता. दगडात कोरलेलं एक कुंड, त्यात बारमाही करंगळीएवढी धार. एका शनिवारी काकांनी मला तो दाखवायला नेलं होतं. बहिणीने त्या कुंडातलं पाणी तांब्यात भरून दिलं, आणि मी ते प्यायले. पुढे मी काय केलं ते लक्षात घेता हे विसरता आलं असतं तर बरं झालं असतं.

त्या वर्षी रांगेतून रस्त्यासाठी बोगदा काढायचं ठरलं. बोगद्याचं छत लाल थरात येता कामा नये, कारण तो मऊ असतो. आणि वरचं पाणी उतरू द्यायचं नसेल तर तो थर फोडताही कामा नये. म्हणून लाल थर नेमका किती खोल आहे ते पाहायला भोकं पाडली. वस्तीच्या बाजूला एकच भोक होतं. त्याच्या सतरा पेट्या झाल्या. चौदावी पेटी बावन्न ते छप्पन्न मीटरची, चार खणांची, प्रत्येक खण एका मीटरचा.

आमच्याकडे एक रीत होती, खरं तर काकांनीच लावलेली. पेटी आली की आधी प्रत्येक तुकड्यावर वरून खाली दोन रेघा मारायच्या, उजवीकडे लाल, डावीकडे काळी, शेजारी आकडा. मग पेटी पडली-झडली तरी तुकडे जिथल्या तिथे लावता येतात. त्या दिवशी मोठ्या साहेबांना चार वाजेपर्यंत नोंद हवी होती. सव्वातीन झाले होते.

"पंधरा मिनिटं द्या मॅडम, रेघा ओढून घेतो," काका म्हणाले.

"नंतर ओढा. आधी खिडकीजवळच्या टेबलावर घ्या, मला उजेडात बघायचंय."

पेटी दोघांनी उचलली. ती उचलायला दोन गडी लागत, पण मला दाखवायचं होतं की मी काही नाजूक बाई नाही. टेबलापासून चार पावलांवर माझ्या बाजूची कड माझ्या बोटांतून सुटली. आवाज असा झाला की बाहेरचा ड्रायव्हर धावत आत आला. सगळे तुकडे फरशीवर, आणि त्यांतल्या एकावरही रेघ नाही.

आम्ही गुडघ्यांवर बसून ते गोळा केले. तुटलेल्या कडा एकमेकींना जुळवत बरेचसे तुकडे लागले. लाल थराचे तीन तुकडे मात्र मऊ, त्यांच्या कडा पडताना झिजून गेलेल्या. ते कुठेही बसले असते.

"लाल शेवटच्या खणात होता," काका म्हणाले. "मशीनवरून आणल्यावर मीच ठेवलाय."

मी शेजारचा काळा तुकडा उचलून त्यातली भोकं त्यांना दाखवली. रस थिजताना त्यातला वायू वर येतो, म्हणून थराच्या माथ्याशी बुडबुड्यांची भोकं राहतात. म्हणजे हे तुकडे जुन्या थराच्या माथ्याचे. माथा लाल थराच्या खाली असतो. तेव्हा लाल थर पहिल्या खणात आणि भोकंवाले त्याच्या खाली. मी हे अगदी परीक्षेत लिहावं तसं सांगितलं.

काकांनी तुकडा फडक्याने पुसला, आडवा धरला, उभा धरला. "मॅडम, माथ्याचे फोड गोल असतात. या नळ्या आहेत, बारीक, उभ्या. नळ्या थराच्या पायाशी येतात. हा वरच्या थराचा पाया आहे. लाल याच्या खाली जाणार."

त्यांचं बरोबर होतं. पुस्तकातही ते होतं, मी ते पान वाचलेलं होतं. पण साडेतीन वाजले होते आणि सातवी पास माणूस मला शिकवत होता. मी म्हणाले, "काका, पेट्या तुम्ही सांभाळा. दगड मला कळतो."

त्यांनी फडकं खांद्यावर टाकलं. मग म्हणाले, "तुम्ही शिकलेल्या आहात," आणि तिन्ही लाल तुकडे उचलून पहिल्या खणात ठेवले. पावणेचारला मी नोंद लिहिली: लाल थर, बावन्न मीटर. खाली झोकदार सही केली.

नोंदीप्रमाणे बोगद्याचं छत पंचावन्न मीटरवर धरलं गेलं, म्हणजे लाल थराखाली तीन मीटर पक्का दगड. काम सुरू होण्याआधी वस्तीतल्या लोकांनी शंका काढली, आमच्या झऱ्याचं काय? कार्यालयाने समजवायला काकांना पाठवलं, कारण त्यांचं तिथे घरचं नातं. मीही गाडीत होते. वस्तीतले सगळे बहिणीच्या ओट्यापुढे जमले होते. काकांनी हाताने थर करून दाखवले, वरचा पंजा, खालचा पंजा, मधे लाल. मग बहीण म्हणाली, "दादा, ते साहेबांचं राहू दे. तू सांग. पाणी राहील ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते म्हणाले, "राहील. माझ्यावर सोड."

बहीण वळून बाकीच्यांना म्हणाली, "दादा म्हणतोय म्हटल्यावर झालं," आणि लोक उठले.

सात महिन्यांनी बोगद्याचं छत लाल थरात शिरलं. कुणी मेलं नाही, जखमीही झालं नाही. त्यामुळे पेपरात चार ओळी आल्या आणि लोक विसरून गेले. फक्त पाणी उतरलं. एक आठवडा बोगद्यात गुडघाभर पाणी वाहत होतं, पंप लावून ते दरीत सोडलं. आठव्या दिवशी ते थांबलं. त्याच दिवशी कुंडातली धार तुटली, ती पुन्हा आली नाही.

चौकशी मोठ्या साहेबांच्या खोलीत झाली. बाहेरून आलेले दोन अधिकारी टेबलापलीकडे, काका उभे, मी भिंतीकडच्या खुर्चीत.

"पेटी कुणाच्या हातून पडली?"

"माझ्या," काका म्हणाले.

"तुकडे पुन्हा कुणी लावले?"

"मीच लावले. रेघा ओढायच्या राहिल्या होत्या."

अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही यांनी लावलेल्या पेटीवरून नोंद केलीत?"

मी हो म्हणाले. एक अक्षर. माझ्या हातात पेन होतं आणि मी त्याचं टोपण काढत आणि लावत होते, हे मला अजून आठवतं. बाहेर आल्यावर काका हळूच म्हणाले, "तुमचं उमेदवारीचं वर्ष अजून पुरं व्हायचंय मॅडम. आत्ता नाव आलं तर घरी पाठवतील. माझं काय, मला फार तर इकडचा तिकडे करतील." मी मान खाली घातली. आभारही मानले नाहीत, कारण आभार मानले असते तर जे झालं ते झालं असं ठरलं असतं.

त्यांना इकडचं तिकडे केलं. गोदामातून काढून फाटकावर बसवलं. साडेतीन हजार पेट्या ज्याला तोंडपाठ, तो माणूस येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्यांचे नंबर लिहू लागला. रोज सकाळी माझी गाडी आली की ते उठून आडवा बांबू वर करायचे. मी काच खाली करून "काय काका, बरं आहे ना?" विचारायची. ते "बरंय" म्हणायचे. सात वर्षं, निवृत्त होईपर्यंत, हे असंच चाललं. नंतर नंतर मी फोन कानाला लावून आत जायला लागले. पलीकडे कुणी नसायचं.

त्यांच्या बहिणीने त्यांच्याशी बोलणं टाकलं होतं. मला हे ड्रायव्हरकडून कळलं. झरा आटला तेव्हा काका वस्तीत गेले होते. तिने दारातूनच सांगितलं होतं, "तुझ्या शब्दावर मी अख्ख्या वस्तीला गप्प केलं. आता त्यांना तोंड कसं दाखवू? तू इथे येऊ नकोस." तिच्या मुलीच्या लग्नातही त्यांना बोलावणं नव्हतं. काकांनी हे मला कधीच सांगितलं नाही, आणि मी विचारलं नाही.

मी आता त्या विभागाची प्रमुख आहे. तीन आठवड्यांपूर्वी दुसऱ्या बोगद्याचा कागद माझ्या टेबलावर आला, पहिल्याच्या शेजारून जाणारा, आणि त्याला जोडलेली माझीच जुनी नोंद, कुणी दुरुस्त न केलेली. बावन्न मीटर, झोकदार सही. मी गोदामात गेले आणि चौदावी पेटी काढायला लावली. गडी गेल्यावर एकटीने झाकण उघडलं.

लाल तुकडे पहिल्या खणात होते, आम्ही ठेवले तसे. ते उचलले. खालचं लाकूड स्वच्छ होतं. मग शेवटच्या खणातले काळे तुकडे उचलले. तिथे लाकडावर हातभर लांब लाल डाग होता. मशीनवरून आलेली ओली माती लाकडात मुरली होती. काका म्हणत होते तिथेच, तेवढाच. त्या दिवशी मी खणात फक्त वाकून पाहिलं असतं तरी पुरलं असतं. आणि काकांनी तो पाहिला नसेल असं होणं शक्य नव्हतं. चौकशीत खरं सांगून हा डाग दाखवला असता तर ते सुटले असते.

मी जमिनीवर बसून राहिले. मला स्वतःची लाज वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा रागही आला, काकांचा. इतकं कुणी कुणासाठी करू नये.

दुसऱ्या दिवशी दुरुस्तीचा कागद लिहिला. पेटी कुणाच्या हातून सुटली, क्रम कुणी ठरवला, काकांनी काय सांगितलं होतं, सगळं. सही केली आणि वर पाठवला. त्याचं जे व्हायचं ते होईल. मग मी वस्तीत गेले. आधी काकांकडे जायला हवं होतं, पण त्यांच्यासमोर उभं राहण्यापेक्षा बहिणीसमोर उभं राहणं मला सोपं वाटलं.

ती ओट्यावर पिंपं धूत होती. आठवड्यातून दोनदा टँकर येतो. त्या दिवशी यायचा होता. केस पांढरे झाले होते, पण तिने मला ओळखलं. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. ऐकताना ती हातातला घासणीचा चोथा तेवढा पिळत राहिली.

"म्हणजे दादाची चूक नव्हती," ती शेवटी म्हणाली.

"नव्हती. माझी होती."

"आणि मी त्याला अकरा वर्षं दारात उभं केलं नाही." तिने पिंप उपडं घातलं. "बाई, तुम्हाला हे सांगून आता हलकं वाटत असेल."

खरंच थोडं हलकं वाटत होतं.

"मला काय वाटतंय ते विचारू नका," ती म्हणाली. "तुमच्यावर रागावून माझं काय होणार? तुम्ही माझ्या कोण? त्याच्यावर रागावले होते ते तो माझा होता म्हणून. आता तेही उगाचच होतं म्हणता." ती आत जाऊन पदर नीट करून आली. "गाडी आहे ना? चला. मला त्याच्याकडे सोडा."

"टँकर यायचाय ना?"

"येऊ दे."

वाटेत बोगद्यातून गेलो तेव्हा तिने खिडकीची काच वर केली.

काका दोन खोल्यांच्या घरात राहतात. दार उघडंच होतं. ते खुर्चीत बसून शिवणाच्या जुन्या मशीनला तेल घालत होते. बहीण उंबऱ्यात दिसली तसे ते उठले आणि तेलाची बुधली कुठे ठेवावी ते त्यांना सुचेना. काकू आतून आल्या, त्यांनी ती हातातून काढून घेतली आणि पुन्हा आत गेल्या.

"दादा," बहीण म्हणाली, "या बाईंनी सगळं सांगितलं. पेटीचं. तुझं काही नव्हतं. मी तुला नाही नाही ते बोलले. मला..."

"थांब," काका म्हणाले. ते माझ्याकडे वळले. "मॅडम, तुम्ही कशाला?"

"कधीतरी सांगायलाच हवं होतं काका. उशीर केला, पण..."

"तुम्ही तुमचं सांगितलंत. माझं कुठे सांगितलंत?" ते पुन्हा खुर्चीत बसले. बहिणीकडे बघून म्हणाले, "बस. माफी मागू नकोस. लाल शेवटच्या खणात होता हे मला माहीत होतं. मीच ठेवला होता. डाग पण पाहिला होता. संध्याकाळी तुकडे सारखे करून झाकण लावताना दिसला."

"म्हणजे कधी?" बहिणीने विचारलं.

"त्याच दिवशी. तुझ्या ओट्यावर आलो त्याच्या दीड महिना आधी."

मलाही हे नवीन होतं. पेटी उघडल्यापासून मी धरून चालले होते की त्यांनी डाग नंतर कधीतरी पाहिला असेल, सगळं होऊन गेल्यावर.

"मॅडमना पुन्हा सांगायला मला कमीपणा वाटला," काका म्हणाले. "एकदा म्हणाल्या होत्या ना, दगड मला कळतो. म्हटलं, बरं, कळू दे. मग मनाला समजावलं की त्या शिकलेल्या, माझंच चुकत असेल. आणि तू विचारलंस, पाणी राहील ना? तेव्हा माझ्या डोळ्यांपुढे तो डाग होता. तरी म्हणालो, राहील." त्यांनी गुडघ्यावरचा हात उलटा केला, पुन्हा सुलटा केला. "चौकशीत मी काही मॅडमना वाचवलं नाही. मला वाटलं, शिक्षा झाली तर बरंच होईल. पण फाटकावर बसून काही फिटलं नाही."

बहीण त्यांच्याकडे बघत होती. मला वाटलं ती आता निघून जाईल. मी तिला थोपवायला काहीतरी बोलणार होते. काय बोलणार होते कोण जाणे.

तिने माझ्याकडे न बघताच सांगितलं, "बाई, तुम्ही जा आता."

"मी परत सोडते तुम्हाला. बाहेर गाडीत थांबते."

"नको. हे आमचं भांडण आहे. अकरा वर्षं ते तुमच्यामुळे राहून गेलं. आता आम्हाला भांडू द्या."

मी पायऱ्या उतरले. मागे बहिणीचा आवाज चढला. एवढा की समोरच्या घरातली बाई खिडकीत आली. "तुझं तोंड शिवलं होतं का? एका पोरीसमोर कमीपणा वाटला आणि बहिणीसमोर खोटं बोलताना काही वाटलं नाही?" मग काकांचा आवाज, खाली, तुटक, पण उत्तर देणारा. मग पुन्हा तिचा. आतून काकू म्हणाल्या, "आधी बस तरी," आणि खुर्ची सरकवल्याचा आवाज आला.

मी गाडीत बसले, पण किल्ली फिरवली नाही. ती नको म्हणाली होती तरी मी बराच वेळ थांबून राहिले, की कुणीतरी दारात येईल आणि मलाही काहीतरी म्हणेल, जाऊ द्या म्हणेल किंवा चालती हो म्हणेल. दारात कुणी आलं नाही. त्यांचं बोलणं चालूच होतं.